लहूची चुंबळ

माझ्या डोक्यावर मधोमध टक्कल आहे हे मढ गावात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, अशा भ्रमात मी बरीच वर्षं होते. ते लपवण्यात माझा हात धरणारी बाई सापडली नसती. उरलेले केस चारी बाजूंनी वर ओढायचे, त्यात गंगावन गुंफायचं, अंबाडा जरा पुढे बांधायचा आणि त्याच्याभोवती अबोलीची वेणी माळायची. न्हायचं ते घरातले पुरुष समुद्रावर गेल्यावर, मोरीचं दार लावून. झोपतानाही अंबाडा सोडायचा नाही. गावातल्या बायका म्हणत, सगुणा नटवी आहे. म्हणोत बापड्या. नटवी म्हटलेलं चालतं, टकली म्हटलेलं चालत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा माझे केस कमरेखाली जात. हळदीच्या दिवशी चौघीजणी ते विंचरायला बसल्या होत्या आणि तरी दमल्या. मग डोक्यावर पाटी आली. होडी किनाऱ्याला लागली की मासळी पाटीत भरायची, पाटी डोक्यावर घेऊन तरीच्या धक्क्यापर्यंत चालायचं, तरीच्या होडीने खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरायचं आणि पुढे अंधेरीचा बाजार गाठायचा. आमच्यात मासे धरायचे पुरुषांनी आणि वाहायचे, विकायचे बायकांनी. पुरुषाने डोक्यावर पाटी घेतलेली मी कधी पाहिली नव्हती, माझ्या सासूनेही पाहिली नव्हती.

पाटीखाली चुंबळ लागते. कापडाचं गोल वेटोळं, डोकं आणि पाटी यांच्यामधली गादी. बाकीच्या बायका जुनं लुगडं पिळून आपली आपण करतात. माझी मात्र माझा नवरा लहू करायचा. आत जुन्या जाळ्याचं सूत ठासून भरायचा, वरून कापड गुंडाळायचा आणि जाळ्याला मारतात तशा गाठी मारून ती पक्की करायचा. लहू तसा मुका माणूस. दिवसाकाठी जेवणापुरतं बोलायचा. होड्या समुद्रात जायच्या आधी दरवर्षी नवी चुंबळ माझ्या हातात ठेवायचा आणि निघून जायचा. ती मागच्या वर्षीपेक्षा जाड असायची. मला राग यायचा. चुंबळ जाड म्हणजे पाटी जड, एवढं मला कळत होतं. बैलाच्या मानेला गादी बांधतात ती काही बैलाच्या लाडासाठी नसते.

सगळ्यात जास्त त्रास व्हायचा नारळी पुनवेला. गावातल्या बायका वेण्या माळून, नटून, नाचत समुद्रावर जातात. मला नाचायची फार हौस. पण एका वर्षी नाचताना माझं गंगावन सैल झालं, ते एका हाताने धरून मी बाजूला झाले आणि त्यानंतर कधी त्या घोळक्यात शिरलेच नाही. पाय दुखतो म्हणून सांगायचे. दुखत होतं दुसरंच.

ज्या वर्षी रेल्वेचा मोठा संप झाला त्या वर्षी शिमग्यानंतर एक गोष्ट घडली. मढला समुद्राच्या कडेला श्रीमंतांचे बंगले आहेत, ते सिनेमावाले शूटिंगला भाड्याने घेतात. तिथे मृणालिनी नावाची एक बाई नटींचे केस करायला यायची. तिला पापलेट फार प्रिय, म्हणून मी आधी तिच्याकडे जायचे. त्या दिवशी पाटी उतरवायला तिने हात लावला. एकीकडून ती, एकीकडून मी. पाटी वर उचलली आणि तिच्याबरोबर चुंबळही उचलली गेली, कारण चुंबळीच्या गाठीत माझं गंगावन अडकलं होतं. वेणी, आकडे, गंगावन, सगळा थाट पाटीच्या बुडाला लटकत राहिला.

मी झटकन पदर ओढला. पण केस करणं हाच जिचा धंदा तिच्यापासून काय लपणार?

"बस खाली," ती म्हणाली. "काढ तो पदर. मी रोज डोकीच बघते, यार, माझ्यापुढे काय लाजतेस?"

तिने बोटांनी माझं डोकं चाचपलं. "काय काय लावून झालं?"

मी सांगितलं. माका लावला, कांद्याचा रस लावला, मुशीच्या काळजाचं तेलही चोळलं. त्याने केस आले नाहीत, गावातली मांजरं तेवढी माझ्या मागे लागली.

ती हसली नाही, म्हणून मला ती आवडली. "तेलाने हे येणार नाहीत," ती म्हणाली. "इथली कातडी गुळगुळीत झालीय. पण ऑपरेशन होतं ना आता. आमचा एक हिरो आहे, नाव नाही सांगणार, अजून पडद्यावर कॉलेजात जातो. त्याने करून घेतलं. मागचे केस मुळासकट काढले आणि पुढे लावले. ओढले तरी निघत नाहीत."

"भाताचं रोप काढून दुसऱ्या खाचरात लावतात तसं?"

"अगदी तसंच. तोच डॉक्टर शहरातल्या सरकारी हॉस्पिटलातही बसतो. भाजलेल्या लोकांना कातडी लावतो. केसपेपर काढ आणि जा. मी चिठ्ठी देते."

बाजार उरकून, रिकामी पाटी काखेत मारून मी घरी निघाले, आणि घर येईपर्यंत माझं ठरलं होतं. मला माझे केस परत हवे होते. कुणाला भुलवायचं नव्हतं, कुणाची बरोबरी करायची नव्हती. आपली वस्तू हरवली की माणूस ती शोधतो, तसं मला ते हवे होते. होड्या पावसाळ्यात वर ओढल्या की पाटी बंद. तेवढ्या दिवसांत डोकं बरं होईल आणि हंगाम सुरू झाला की पुन्हा पाटी घ्यायची, असा माझा साधा हिशेब होता. लहूला सांगायचं तेवढं राहिलं होतं. म्हटलं, आधी डॉक्टर काय म्हणतो ते बघू.

संप मिटल्यावर मी हॉस्पिटलात गेले. अंधेरीला मासळी विकली, पाटी शकुच्या स्वाधीन केली. शकु म्हणजे बाजारात माझ्या शेजारी बसणारी. तिला सांगितलं, दात दाखवायला जाते. चुंबळ सवयीने पिशवीत राहिली.

डॉक्टर हळू बोलणारा होता. त्याने डोकं नीट बघितलं आणि विचारलं, "डोक्यावर काय वाहता?"

मी पिशवीतली चुंबळ त्याच्या टेबलावर ठेवली. तिला मासळीचा वास होता, पण त्याने नाक मुरडलं नाही. अंगठ्याने ती दाबून बघितली.

"आत काय भरलंय? आणि या गाठी?"

"जाळ्याचं सूत. गाठी माझा नवरा मारतो." मी जरा तोऱ्यातच सांगितलं. "त्याने मारलेली गाठ सुटत नाही."

त्याने चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली, माझं बोट धरलं आणि आधी गाठीवर, मग तिच्याखालच्या टकलावर फिरवलं. गाठ जिथे, टक्कल तिथे.

"सगळं वजन या गाठींवर पडतं, बाई," तो म्हणाला. "गाठ केसांना धरते. तुम्ही चालता, पाटी हलते, गाठ ओढते. रोज थोडे थोडे उपटले गेले. ही जितकी जाड आणि घट्ट, तितकं वाईट. साधं मऊ फडकं असतं तर इतकं झालं नसतं."

मग त्याने काही आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याच्याकडे यासाठी पुरुष येतात, बाईवर तो पहिल्यांदाच करणार. मागून केसांचे बारीक गोल तुकडे काढून वर लावायचे. सगळे लागतील अशी खात्री नाही. लावलेले केस आधी गळून पडतात आणि मग काही महिन्यांनी नवे येतात, तेव्हा घाबरायचं नाही. "आणि शेवटची गोष्ट," तो म्हणाला. "त्या जागेवर पुन्हा कधीही ओझं घ्यायचं नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही. घेणार असाल तर आत्ताच सांगा, मी करतच नाही."

माझा हिशेब तिथेच कोसळला. कोळणीने पाटी घ्यायची नाही म्हणजे काय? मी डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली, तिच्या गाठी बघितल्या. मग मी म्हटलं, "होड्या वर ओढल्या की येते. तारीख द्या."

परतताना तरीत मी चुंबळ हातात धरून बसले होते. याने मारलेल्या गाठींनी माझे केस खाल्ले. दरवर्षी जाड करीत गेला, जास्त वाहावं म्हणून. असा केसाने गळा कापणारा नवरा मिळाला आणि मी त्याच्या गाठींचं कौतुक सांगत फिरते. सगळं सांगायचं, एकही शब्द गिळायचा नाही, असं मी पक्कं केलं.

होड्या वर ओढून झाकून झाल्या, त्या दुपारी मी सांगितलं. लहू ओट्यावर जाळं दुरुस्त करीत होता. माझी सासू मंजुळा उंबऱ्याशी बसून सुके बोंबील निवडत होती. ती आत जाईल म्हणून मी वाट पाहिली. ती काही जाईना. शेवटी म्हटलं, असू दे, तिलाही कळायचंच आहे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती.

"ऐकलंस का?" मी म्हटलं. "मना ऑपरेशन करून घ्याचंय. डोक्याचं."

लहूची सुई थांबली. "काय झालंय डोक्याला?"

मी पदर काढला, आकडे काढले, वेणी काढली, गंगावन काढून त्याच्या जाळ्यावर ठेवलं आणि मान खाली वाकवली. इतकी वर्षं मोरीच्या दाराआड ठेवलेलं डोकं मी भर दुपारी ओट्यावर उघडं केलं. लाज वाटली. पण लाजेपेक्षा हलकं वाटलं ते जास्त.

"हे," मी म्हटलं. "मागचं केस काढून इथं लावतात. तारीख घेतलीय."

सासूनेच आधी तोंड उघडलं. "इश्श, एवढंच? माझ्या पण डोक्याला हाय. माझ्या आयशीच्या पण होतं. कोळणीचं डोकं आसंच आसतं गो. त्यापायी कोण भोकं पाडून घेतंय?"

"मी घेतंय," मी म्हटलं.

लहू गंगावनाकडे बघत होता. "कोणाला दाखवाचंत केस?"

"मना. आरशात."

"दुखंल."

"दुखू दे. पाटीनं दुखत नाय काय?" मग मी उरलेलंही सांगून टाकलं. "आणि आजून एक. डॉक्टर बोलला, यापुढं डोक्यावर पाटी घ्याची नाय. कवाच नाय. मी बाजारात बसून मासळी विकीन, पन तिथवर वाहून न्यायला मी नाय."

आता सासूच्या हातातला बोंबील खाली पडला. "मग काय तो न्हेल? गावात तोंड दाखवाची सोय ठेव गो."

लहूने थांबलेली सुई पुन्हा जाळ्यातून ओढली. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत म्हणतात. याच्या गव्हाला तर कीड लागायची वेळ आली होती. त्या मुकेपणाने माझं डोकं फिरलं. मी आत जाऊन चुंबळ आणली आणि त्याच्यापुढे टाकली.

"तू दरवर्सा ही जाड करीत गेलास," मी म्हटलं. "का? तर पाटीत चार मासं जास्ती बसावंत. बायको हाय का बैल हाय, कवा बघितलंस?"

त्याने मान वर केली. त्याचा चेहरा असा झाला होता, की मी अर्ध्यावर थांबले.

"जास्ती मासं?" तो म्हणाला. "मी तुझी टाळू बघितली म्हणून जाड केली."

"कवा बघितलीस?"

"तुना मोठा ताप आल्ता. तू शुद्धीत नव्हतीस. मी पट्ट्या ठेवल्या डोक्याला. तवा बघितली. रुपयाएवढी होती तवा. बोललो, पाटी टोचत आसंल, म्हणून जाड केली. दुसऱ्या वर्सा तू झोपलेली आसताना परत बघितली, तर वाढलेली. मग आजून जाड केली." त्याने चुंबळ उचलून मांडीवर घेतली. "तू एवढी लपवायचीस. मी बघितली आसं बोललो आसतो तर तुना वाईट वाटलं आसतं."

लग्नानंतर एका दमात तो इतकं कधी बोलला नव्हता. माझे डोळे भरले. सगळी वर्षं मी त्याच्यापासून दार लावून घेत होते आणि तो दाराबाहेर बसून माझ्यासाठी गाठी मारत होता. मला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की आता गप्प बसावं, डॉक्टरचं बाकीचं बोलणं पोटात ठेवावं असं मनात आलं.

पण पोटात ठेवून ठेवूनच आमची ही गत झाली होती. मी त्याच्यासमोर खाली बसले.

"ऐक," मी म्हटलं. "वाईट वाटंल तुना, पन ऐक. डॉक्टरनं ही चुंबळ बघितली. तो बोलला, या गाठींनी केस गेलं. जेवढी जाड केलीस तेवढं जास्ती गेलं."

त्याने बोटाने गाठी चाचपल्या. एक, मग दुसरी, अशा सगळ्या, जाळं तपासतात तशा. मग चुंबळ घेऊन तो उठला आणि समुद्राकडे चालू लागला. जेवायलाही आला नाही. सासू म्हणाली, "घातलंस ना पोराला घाव?" मी म्हटलं, "घातला." मला रडू येत होतं, पण मी खरं बोलले याचा पस्तावा होत नव्हता. तो हो म्हणो की नाही, मी जाणार होते.

दिलेल्या दिवशी मी निघाले, तर तो धुतलेला सदरा घालून दारात उभा. "चल," एवढंच म्हणाला. ऑपरेशनच्या खोलीत त्याला येऊ देईनात, तर दाराबाहेर उभा राहिला. सुया टोचल्या तेवढं दुखलं, पुढे नुसतं कुरकुर वाजत होतं. पट्टी बांधून बाहेर आले तेव्हा तो तिथेच, त्याच फरशीवर उभा होता.

पुढचे दिवस कठीण गेले. डोक्यावर खपल्या धरल्या, आणि त्यांच्याबरोबर लावलेले केस गळून पडले. डॉक्टरने सांगितलं होतं तरी उशीवर ते बघून माझा जीव खालीवर झाला. सासू म्हणाली, "लागलं नाय रोप." आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण मी रोज आरसा घेऊन ओट्यावर बसत राहिले, दार न लावता. बायका यायच्या, बघून जायच्या, पाठ फिरली की खुसुखुसू हसायच्या. हसून हसून किती हसणार? नारळी पुनवेला मात्र मी घरीच बसले. तेवढं धैर्य अजून नव्हतं.

पुनवेनंतर होड्या समुद्रात गेल्या आणि हंगामाची पहिली मासळी आली. सगळ्या बायका पाट्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या. मीही पाटी घेऊन गेले. ती भरली आणि वाळूत तशीच राहिली. शेजारच्या पाट्या एकेक करून डोक्यांवर चढल्या, पण कोणी पुढे जाईना. सगुणाचं काय होतं ते बघायला सगळ्या थांबल्या होत्या. सासू तोंड फिरवून उभी होती.

लहू होडीतून उतरला. हात धुतले. सदऱ्याच्या आतून त्याने चुंबळ काढली, तीच, सगळ्या गाठींसकट. त्या दुपारनंतर ती मी बघितली नव्हती. त्याने ती आपल्या डोक्यावर ठेवली आणि माझ्यासमोर वाकला.

"उचलून दे," तो म्हणाला.

मी पाटी उचलून त्याच्या डोक्यावर दिली. कोणीतरी शीळ घातली. दुसरा कोणी ओरडला, "लहू, वेणी इसरलास." बायका तर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. लहू चालू लागला. सवय नाही, मान ताठ, दोन्ही हातांनी पाटी घट्ट धरलेली, मासळीचं पाणी कपाळावरून गालावर येतंय. मी त्याच्या मागून मोकळ्या हातांनी चालत होते. ते हात कुठे ठेवावे ते मला कळत नव्हतं.

तरीच्या धक्क्यावर मी पाटी उतरवून घेतली. त्याने चुंबळ काढली आणि टाळूवर हात चोळला. तिथे गाठींचे लाल वळ उठले होते.

"टोचते गो," तो म्हणाला. "एवढी वर्सा टोचत होती तर बोललीस का नाय?"

"तू तरी कवा बोललास?"

त्याने चुंबळीच्या गाठी बघितल्या, खिशातून जाळ्याची सुरी काढली आणि धक्क्यावर बसून एकेक गाठ कापली. आतलं सूत बाहेर आलं. ते त्याने खाडीत टाकलं आणि रिकामं फडकं पिळून पुन्हा गोल केलं, साधं, मऊ, बाकीच्या बायका करतात तसं. वर्सोव्याच्या बाजूला पाटी घेऊन त्यालाच चालायचं होतं.

तरीची होडी निघाली तशी वाऱ्याने माझा पदर खांद्यावर आला. मागे बसलेल्या बायकांना माझं डोकं सगळं दिसत असणार. मी हात वर नेला, टाळूला लावला. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं, नुकत्याच कापलेल्या भाताच्या खुंटासारखं. मी लहूचा हात धरला आणि तिथे ठेवला. पदर मी डोक्यावर परत घेतला नाही.